बीडला काय आहे बघायला?

लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये वीकेण्ड घालवून कंटाळलात? मग या पावसाळ्यात गाडी उलट दिशेला वळवा. कपिलधारच्या धबधब्यापासून नळदुर्गच्या पाणीमहालापर्यंत तीन दिवस, तीन नद्या आणि चारशे-साडेचारशे वर्षांच्या गोष्टी. विहिरी, वेशी, बुरूज, पूल... आणि घरच्या माळ्यावर सापडलेली एक छागल!

सुरुवात झाली ती ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये. आमच्या टीममधला एक कोथरूडवाला दोन वर्षं ऑनसाइट होता, इंग्लंडमध्ये, चेम्सफर्डजवळ. परत आल्यावर त्याने फोटो दाखवायला घेतले. आम्हाला वाटलं, आता लंडन ब्रिज, बिग बेन वगैरे. पण फोटोत काय, तर एक शांत नदी, काठाला गवत आणि गवतात एक काँक्रीटचं ठेंगणं खोपटं. त्याला बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरत्या फटी. पुढच्या फोटोत जुनी पिठाची गिरणी, त्याच्या पुढच्यात नावा वरखाली करायचा दरवाजा.

‘हे काय?’

‘पिलबॉक्स. दुसऱ्या महायुद्धातला. लोक मुद्दाम चालत बघायला जातात. बोर्ड असतो, नकाशा असतो, रविवारी आजोबा लोक माहिती सांगायला उभे असतात.’

मग साहजिकच त्याने विचारलं, ‘तुझ्या गावाला काय आहे गं?’

आता खरं सांगायचं तर ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाला मी बरीच वर्षं ‘नगरच्या पुढे’ असं मोघम उत्तर देत आले. बीड म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर तीनच गोष्टी उमटतात: दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण. त्या खोट्या आहेत असंही नाही. पण त्यापलीकडे काय आहे, ते मला तरी कुठे धड माहीत होतं? मी म्हटलं, ‘एक धबधबा आहे. आणि एक विहीर.’

‘विहीर?’ टीममधला सातारकर फिस्सकन हसला. त्याच्याकडे अजिंक्यतारा आहे, तो हसणारच!

झालं. शनिवार-रविवारला सोमवारची सुटी जोडली, गाडीत फरसाण आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि पहाटे चारला आम्ही तिघे निघालो. बेट अशी ठरली की बघायला काही सापडलं नाही तर पेट्रोलचा खर्च माझा.

कपिलधार : डोंगराने राखलेलं पाणी

अहिल्यानगर, जामखेड, पाटोदा करत गाडी मांजरसुंब्याकडे सरकायला लागली की बालाघाटची रांग दिसू लागते. सह्याद्रीसारखे आभाळात घुसलेले कडे इथे नाहीत. सपाट माथ्याचे, खुरट्या झाडीचे डोंगर. उन्हाळ्यात इथून जाल तर ‘इथे कोण राहतं?’ असं वाटेल. पण श्रावण-भाद्रपदात हाच रस्ता हिरवागार असतो.

मांजरसुंब्याहून आत वळलं की थोड्या वेळात कपिलधार. घळीत उतरलेलं छोटं गाव, कड्यावरून कोसळणारी धार आणि तिच्या शेजारी संत मन्मथस्वामींची समाधी. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत लिहिणारे हे वीरशैव संत. कार्तिकी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून, शेजारच्या कर्नाटक आणि तेलंगणातून दिंड्या चालत येतात. एरवी शांतता. आम्ही गेलो तेव्हा मोजकीच कुटुंबं होती. एक आजी धबधब्याच्या तुषारांत नातवाला उभं करून ‘भीज की रं, भीज’ म्हणत होत्या.

धबधबा बघून सातारकराने कॅमेरा काढला, पण मला आठवण झाली ती शाळेच्या भूगोलाची. बालाघाट ही पाणी वाटून देणारी रांग. इथल्या डोंगरांवर पडलेल्या पावसातला काही भाग उत्तरेला गोदावरीकडे जातो, काही दक्षिणेला भीमेकडे. बीडची बिंदुसरा नदी याच रांगेत पाटोदा तालुक्यात उगम पावते, बीड शहरातून जाते, सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा पुढे गोदावरीला. म्हणजे आपला रूट डोंगरानेच आखून दिलेला! आधी उत्तरेचं पाणी, मग दक्षिणेचं.

खजाना विहीर : जी उपसावी लागत नाही

कपिलधारहून बीडकडे निघालात की वाटेत पालीजवळ बिंदुसरेवरचं धरण लागतं, पन्नासच्या दशकातलं. आणि शहराच्या साधारण सहा किलोमीटर अलीकडे, सोलापूर-धुळे हायवेच्या जवळ, ती विहीर.

काका मोटरसायकल घेऊन आधीच येऊन थांबले होते. ‘आलाव का? रस्ता कसा होता?’ एवढं विचारून ते थेट विहिरीकडे चालायला लागले. बाहेरून बघाल तर काहीच विशेष नाही. एक मोठं गोल बांधकाम, बस्स. पण वाकून आत डोकावलं आणि आम्ही तिघेही गप्प झालो. खाली घडीव दगडाची गोलाई, पाण्यालगत फिरता येईल अशी जागा आणि भिंतीत अंधारात शिरलेली बोगद्यांची तोंडं.

‘काय बघायलीस इतकं वाकून? पडशील की!’ काका ओरडले.

गोष्ट अशी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बीड अहमदनगरच्या निजामशाहीत होतं. मुर्तजा निजामशहाच्या काळात (१५६५ ते १५८८) सलाबतखान या सरदाराने ही विहीर बांधवली. बांधणारा स्थपती राजा भास्कर. सगळा खजिना या कामात रिता झाला म्हणून नाव खजाना विहीर, असं बीडमध्ये सांगतात. खजिन्याचं खरंखोटं देव जाणे, पण कामाचा फंडा मात्र सॉलिड आहे.

विहिरीला तीन बोगदे. दोन बोगद्यांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून बाहेर जातं. जमिनीच्या पोटातलं पाझरणारं पाणी दोन बाजूंनी गोळा करायचं, विहिरीत थोडं थांबवायचं आणि उताराने पुढे सोडून द्यायचं. मोट नाही, रहाट नाही, मोटर तर नाहीच. पाणी बाहेर जाणाऱ्या बोगद्याच्या पातळीला आलं की आपोआप पुढे निघतं. म्हणजे ही विहीर उपसायची नसतेच, ती वाहते! आणि हे पाणी जायचं बीडजवळच्या बलगुजार भागातल्या शेतांना आणि बागांना.

‘कधी आटली नाही म्हणतेत,’ काका म्हणाले. ‘बहात्तरच्या दुष्काळात सुद्धा पाणी होतं म्हणतेत म्हातारी माणसं. तुमच्या पुण्यात येतंय का नाही टँकर उन्हाळ्यात?’

येतो ना काका. आमच्या सोसायटीला जलतरण तलाव आहे आणि एप्रिलपासून टँकरही आहे. कोथरूडवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. पेट्रोलच्या खर्चाचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

आता यातली काळजीची गोष्ट. अशी विहीर म्हणजे फक्त दिसतो तो गोल खड्डा नव्हे. तिचा खरा जीव जमिनीखालच्या बोगद्यांमध्ये आहे. वर रस्ता रुंद झाला, प्लॉट पडले, शेजारी खोल बोअर घेतले की खालच्या झऱ्याचं काय होतं? किल्ल्याचा बुरूज ढासळला तर निदान दिसतो. बोगदा गाळाने बुजला तर पाणी कमी झाल्यावरच कळतं. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

वेशी उरल्या नावाला

दुपारी काकूंच्या हातची बाजरीची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची आमटी हाणून आम्ही बीड शहर बघायला बाहेर पडलो. बिंदुसरा शहराच्या मधून वाहते. बीड एकेकाळी कोटाच्या आतलं गाव होतं. आज सलग तट दिसत नाही, पण रिक्षावाल्याला ‘माळीवेस’, ‘राजुरी वेस’ म्हणा, तो बरोबर नेऊन सोडतो. वेस म्हणजे गावाचा दरवाजा. रोज हजारो लोक या नावांवरून जातात, शेअर रिक्षाचे पैसे देतात आणि आपण एका तटबंदीचा पत्ता सांगतोय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मीही लहानपणी इथेच गोळ्या-बिस्किटं घ्यायची!

शहराच्या एका कडेला कंकालेश्वर. चालुक्य शैलीचं दगडी मंदिर, आणि तेही तळ्याच्या मधोमध. पावसाळ्यात चहूबाजूंनी पाणी. सातारकर म्हणाला, ‘तुमच्याकडे म्हणे पाणी नाही. इथे तर देव पण पाण्यात, विहीर पण वाहती!’ त्याचं म्हणणं गमतीचं होतं, पण मुद्दा खरा आहे. जिथे पाणी कमी, तिथे माणसं ते जास्त जपून वापरतात. कोकणात कुणी असली विहीर बांधायला खजिना रिकामा केला नसता.

पण नदीकाठी कोट बांधून राहणाऱ्याला दोन शत्रू असतात. एक घोड्यावरून येतो, दुसरा ढगातून. रात्री गच्चीवर गप्पा मारताना काकांनी २३ जुलै १९८९ची गोष्ट काढली. त्या दिवशी बिंदुसरेला असा पूर आला की काठच्या वस्त्या वाहून गेल्या, माणसं गेली. माझा जन्मही झालेला नव्हता. बाबा आणि काका तेव्हा ऐन तरुण.

‘वर्षभर नदीत पाणी शोधावं लागायचं बघ,’ काका म्हणाले. ‘लोकांना वाटलं ही काय करणार? वाळलेल्या नदीत घरं सरकत सरकत आली. आन् एका दिवसात तिनं आपली जागा परत मागितली.’

पुण्यात मुठेच्या पात्रातल्या रस्त्यावरून मी रोज ऑफिसला जाते. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

एका बाजारात पाणी आणि पातं

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सातारकराने सहज विचारलं, ‘काका, पूर्वी इथे काय बनायचं? म्हणजे कोल्हापूरची चप्पल, सोलापूरची चादर, तसं बीडचं काय?’

काका उठले, माळ्यावर चढले आणि धुळीने माखलेली एक वस्तू घेऊन खाली आले. चामड्याची पिशवी. वाळून लाकडासारखी कडक झालेली, तोंडाला निमुळती, अडकवायला पट्टा.

‘आजोबांची छागल.’

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये बीडची ओळख दोन वस्तूंसाठी दिली आहे : एक छागल, दुसरी गुप्ती. छागल म्हणजे प्रवासात पाणी न्यायची चामड्याची पिशवी. तिच्यातून पाणी अगदी हळूहळू झिरपतं, वाऱ्याने बाहेरचा ओलावा उडून जातो आणि आतलं पाणी गार राहतं. माठाचंच तत्त्व, फक्त माठ बैलगाडीला लटकवता येत नाही! पुढे जाड कापडाच्या छागली आल्या, जीपच्या आणि ट्रकच्या बाजूला लोंबकळायच्या. आणि गुप्ती म्हणजे हातातली साधी काठी. दिसायला काठी, पण मूठ ओढली की आतून पातं निघतं.

एकाच गावाच्या बाजारात या दोन वस्तू. एक तहानेपासून वाचवणारी, दुसरी वाटमाऱ्यापासून. मुक्काम लांब, वाटेत पाणी नाही, रस्ता एकटा. त्या काळच्या प्रवाशाला काय लागायचं ते या गावाने बरोबर ओळखलं होतं. आजच्या भाषेत मार्केट रीडिंग परफेक्ट!

आता छागलीची जागा प्लास्टिकच्या बाटलीने घेतली. चामडं कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांना ना त्या काळी मान मिळाला, ना आज त्यांची नावं कुठे लिहिलेली आहेत. विहीर बांधवणाऱ्या सलाबतखानाचं नाव उरलं. छागल शिवणाऱ्याचं नाव आमच्या घरातही कुणाला सांगता आलं नाही.

कारखान्यांचं म्हणाल तर बीड जिल्ह्यातली मोठी चिमणी परळीची. तिथलं औष्णिक वीज केंद्र १९७१पासूनचं. कोळसा बाहेरून येतो, पाणी गोदावरीच्या खोऱ्यातलं. २०१३मध्ये आणि पुन्हा २०१५मध्ये पाण्याअभावी तिथले सगळे संच बंद ठेवायची वेळ आली होती. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीची विहीर असो की आपल्या काळातलं वीज केंद्र, या भागात कुठलंही काम सुरू करण्याआधी पहिला प्रश्न तोच : पाणी कुठून आणणार?

राक्षसभुवन : गोदावरीने केलेली फाळणी

रविवारी आम्ही गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला गेलो. बहुतेक लोक इथे शनीच्या दर्शनाला येतात. आम्हीही घेतलं (तिघांपैकी एकाची साडेसाती चालू आहे, नाव सांगत नाही). पण मला बघायचा होता तो नदीचा काठ.

१० ऑगस्ट १७६३. पानिपतच्या धक्क्याला अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. पेशवा माधवराव जेमतेम अठरा वर्षांचा. आपल्याकडे या वयात इंजिनीअरिंगची ॲडमिशन चालू असते! समोर हैदराबादचा निजाम अली. गोदावरी पावसाने फुगलेली. निजाम स्वतः काही फौज घेऊन पैलतीरावर पोचला होता, पण त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह अजून अलीकडच्या काठावरच. मराठ्यांनी नेमकी तीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला. निजाम पलीकडे होता, सैन्य होतं, पण मधे गोदावरी होती. मदत पाठवता आली नाही.

काठावर उभं राहिलं की हे सगळं नकाशाशिवाय समजतं. पात्र रुंद आहे. पैलतीरावरची माणसं ठिपक्यासारखी दिसतात. आज इथलं पाणी वरच्या पैठणच्या जायकवाडी धरणावर अवलंबून असतं, त्यामुळे १७६३चा ऑगस्ट आता दरवर्षी दिसत नाही. पण नदी ज्याच्या बाजूने, त्याची भिंत. ज्याच्या विरुद्ध, त्याचा सापळा. एवढं मात्र अगदी नीट कळतं.

इथे कोथरूडवाल्याची ट्यूब पेटली. ‘अरे, पिलबॉक्सचं हेच तर आहे!’ तो म्हणाला. १९४०च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य कधीही इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरेल अशी भीती होती. मग इंग्रजांनी देशाच्या आतल्या भागात संरक्षणाची एक लांबच लांब रेषा आखली. ती शक्य तिथे नद्यांवरून नेली, कारण नदी म्हणजे रणगाड्यांसाठी तयार खंदक. काठाला काँक्रीटचे पिलबॉक्स, आणि वेळ आली तर पूल उडवायची तयारी. चेम्सफर्डची चेल्मर नदी त्याच रेषेत. तीच नदी आधी दीडशे वर्षं मालाच्या नावा वाहत होती, गिरण्या फिरवत होती. शत्रू आलाच नाही, पिलबॉक्स उरले.

‘पूल उडवायची तयारी’ हे शब्द लक्षात ठेवा. कारण सोमवारी आम्ही पोचलो नळदुर्गला.

नळदुर्ग : पाण्याच्या पडद्यामागची खोली

बालाघाट ओलांडून दक्षिणेला, धाराशिव, तुळजापूर करत नळदुर्ग. बोरी नदीचं पाणी पुढे भीमेला जातं. किल्ला तसा आधीपासूनचा, पण त्याला आजचं रूप दिलं ते विजापूरच्या आदिलशाहीने. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३मध्ये, किल्ला आणि समोरचं रणमंडळ यांच्यामध्ये बोरीवर दगडी धरण बांधलं गेलं. म्हणजे एकाच बांधकामात तीन कामं. शत्रूसाठी खंदक, किल्ल्यासाठी पाण्याचा साठा आणि एका भागातून दुसऱ्या भागात जायला रस्ता.

आणि चौथं काम निव्वळ हौसेचं! धरणाच्या पोटात खोली काढली आहे : पाणीमहाल. धरण भरलं की सांडव्यांवरून पाणी खाली झेपावतं. या दोन धारांना लोक ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात. आत उभं राहिलात की समोर पाण्याचा पडदा, कानात घनगंभीर आवाज आणि अंगावर तुषार. मात्र हे दृश्य चांगला पाऊस झाला तरच. आमचं नशीब जोरावर होतं. सातारकर पाच मिनिटं काहीच बोलला नाही, हाच आमचा विजय! वर उपळी बुरुजावर चढलात तर लांबच लांब तोफा आणि सगळा मुलूख नजरेखाली.

पण नळदुर्गची शेवटची लढाई आदिलशाहीतली नाही. ती आपल्या आजी-आजोबांच्या काळातली आहे. भारत स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. रझाकारांचा जुलूम, वाटाघाटी, मुदती... शेवटी १३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे भारतीय सैन्य मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरच्या बाजूने आत शिरलं. पहिली झुंज नळदुर्गला. कळीचा मुद्दा होता बोरीवरचा पूल. तो हैदराबादच्या फौजेने उडवला असता तर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर रणगाडे खोळंबले असते. पण सातव्या ब्रिगेडने वेग आणि बेसावधपणाचा फायदा घेत पूल शाबूत ताब्यात घेतला. मग दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्चांवर हल्ला केला. रस्ता मोकळा झाला आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत सैन्य उमरग्यापर्यंत पोचलं. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रं खाली ठेवायचा निर्णय जाहीर केला. म्हणून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबरला.

राक्षसभुवनला फुगलेल्या नदीने निकाल लावला, नळदुर्गला न तुटलेल्या पुलाने. शाळेत मी १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला दरवर्षी उभी राहिले. पण या सगळ्याच्या पहिल्या सकाळी एक पूल होता, हे मला तिशी जवळ आल्यावर कळलं.

यादी तर करा!

परतीच्या वाटेवर, सोलापूरच्या पुढे एका ढाब्यावर जेवताना कोथरूडवाल्याने एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात जास्त पटली. इंग्लंडमध्येही युद्ध संपल्यावर हे पिलबॉक्स लोकांना अडगळच वाटायचे. शेतकऱ्यांनी कित्येक पाडले, कित्येकांत कोंबड्या ठेवल्या. मग १९९५मध्ये एक प्रकल्प सुरू झाला. शेकडो स्वयंसेवक, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखे नोकरी करणारे, निवृत्त झालेले, हौशी लोक आपापल्या भागात फिरले. काय उरलंय, कुठे, कोणत्या अवस्थेत, एवढंच लिहून काढलं. २००२पर्यंत जवळजवळ २० हजार जागांची नोंद झाली. कुणी किल्ला बांधला नाही, निधी मागत बसलं नाही. आधी यादी केली. कारण यादीत नाव असेल तर पाडणाऱ्याला निदान कुणीतरी विचारतं.

आपल्याकडे मोठ्या किल्ल्यांच्या याद्या आहेत. पण वेशीची उरलेली कमान, विहिरीचा बुजत चाललेला बोगदा, नदीचा जुना उतार, बंद पडलेला जिनिंगचा कारखाना, छागल शिवणाऱ्यांची गल्ली? या गोष्टी आपल्या काकांच्या डोक्यात आहेत. काका सत्तरीला टेकलेत.

म्हणून आम्ही तिघांनी पुण्यात आल्यावर काय केलं, तर एक साधी एक्सेल शीट. आठवडाभर ऑफिसात जे करतो तेच! रकाने चार : काय आहे, कुठे आहे, कसं आहे, कुणाला माहीत आहे. सातारकराने त्याच्या गावच्या दोन बारवा टाकल्या. कोथरूडवाला म्हणाला, आमच्या कोथरूडात काय असणार? पुढच्याच रविवारी आजीला विचारून तो एका जुन्या ओढ्याची वाट शोधत फिरत होता.

बीडच्या पानावर पहिली नोंद मी खजाना विहिरीची केली नाही. ती जगाला माहीत आहे. पहिली नोंद छागलीची. काय : चामड्याची छागल. कुठे : माळ्यावर. कसं : वाळलेली, पण फाटलेली नाही. कुणाला माहीत आहे : या रकान्यासाठी काकांना फोन केला.

‘कुणी शिवली ते विचारायलीस?’ काका थोडा वेळ गप्प राहिले. ‘बघतो की. पलीकडच्या आळीत एक म्हातारबुवा हायत, त्यांना ठाऊक असंल. पण लवकर ये बाई, उशीर नको.’

आता कुणी गाव विचारलं तर मी ‘नगरच्या पुढे’ म्हणत नाही. बीड म्हणते. आणि पेट्रोलचा खर्च तिघांत वाटून घेतला.

अशी करा ट्रिप

कधी : कपिलधार आणि नळदुर्गच्या धारा बघायच्या असतील तर ऑगस्ट ते ऑक्टोबरची सुरुवात. कपिलधारची यात्रा अनुभवायची असेल तर कार्तिकी पौर्णिमा, पण तेव्हा प्रचंड गर्दी असते.

कसं : पुण्याहून अहिल्यानगर, जामखेड, पाटोदामार्गे मांजरसुंबा. पुढे बीड-सोलापूर हायवेने धाराशिव, तुळजापूर आणि नळदुर्ग. परतताना सोलापूरमार्गे पुणे. १७ सप्टेंबर २०२५ला बीड-अहिल्यानगर रेल्वेही सुरू झाली आहे. बीडकरांनी ज्या गाडीची कित्येक दशकं वाट बघितली, तिच्यात एकदा बसायला काय हरकत आहे?

किती दिवस : तीन पुरे. दोनच असतील तर पहिला दिवस कपिलधार, खजाना विहीर आणि बीड शहर. दुसरा दिवस राक्षसभुवन किंवा नळदुर्ग, दोन्हींचा हट्ट नको.

वाट वाकडी करायची असेल तर : छत्रपती संभाजीनगरला खाम नदीकाठची पाणचक्की. डोंगराकडून नळांतून आणलेल्या पाण्याच्या जोरावर इथे पीठ दळलं जायचं. खजाना विहिरीनंतर बघितलीत तर जास्त मजा येईल.

हे सांभाळा : विहिरीच्या काठावर सेल्फीसाठी वाकू नका, बोगद्यात उतरू नका. धबधब्याखाली पावसाचा जोर असताना थांबू नका. कपिलधार हे श्रद्धास्थान आहे, पिकनिक स्पॉटसारखा दंगा नको. आणि हो, पाण्याची बाटली घरूनच भरून न्या. छागल मिळाली तर उत्तमच!